उताऱ्यात अडकलेली बकरी

कल्पना करा, तुम्ही बारा वर्षांचे आहात. सातवीत आहात, आणि बारावीच्या मुलांसाठी असलेल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसला आहात. खुर्ची मोठ्यांच्या मापाची, त्यामुळे पाय जमिनीला टेकत नाहीत; म्हणून कुणीतरी खाली झेरॉक्सच्या कागदांचा खोका सरकवून दिलाय. उजवीकडच्या मुलाला मिशी आहे, डावीकडच्याला दाढी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात वेळ उलटा पळतोय. गणिताचा भाग तुम्ही हसत हसत उडवलात. आता इंग्रजीचा उतारा आलाय.

उताऱ्यात एक म्हातारा आहे. त्याची बकरी समुद्रातल्या वाळूच्या बेटावर राहून गेली आहे आणि भरती सुरू झाली आहे. म्हातारा कमरेला दोरी बांधतो, दोरीचं दुसरं टोक खडकाला बांधतो आणि पाण्यात उतरतो. बेटावर बकरी सगळ्यांत उंच जागी उभी आहे. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलंय. ती म्हाताऱ्याकडे बघते.

उतारा संपला. खाली प्रश्न: म्हाताऱ्याची वृत्ती कोणत्या शब्दाने सर्वांत नेमकी सांगता येईल? पर्याय चार: चिंतातुर, उदासीन, निर्धारी, उपरोधिक.

तुम्ही काय कराल? ‘निर्धारी’वर टिचकी मारून पुढे जाल. मीही तेच केलं असतं. मिशीवाला आणि दाढीवाला, दोघांनीही तेच केलं.

ऊर्मीने हात वर केला.

“मॅडम, पुढचं पान येत नाहीये.”

पर्यवेक्षक बाई आल्या. त्यांना वाटलं, पडदा अडकला. त्यांनी टेक्निशियनला बोलावलं. त्याने माऊस हलवला, कळफलकावर दोनतीन कळा दाबल्या, शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. उतारा परत आला, तेवढाच.

“सगळं लोड झालंय, पाप्पा,” तो म्हणाला. चेन्नईत लहान मुलीला लाडाने पाप्पा म्हणतात. प्रवेश परीक्षेच्या उमेदवाराला म्हणत नाहीत, पण त्याला कोण काय सांगणार.

“पण बकरी?” ऊर्मी म्हणाली.

“कुठली बकरी?”

“आतली.”

टेक्निशियनने कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. वेळ मात्र कुणासाठी थांबला नव्हता, आणि इंग्रजीचे बरेच प्रश्न अजून बाकी होते.

ही ऊर्मी म्हणजे आमच्या गिरीधर सरांची मुलगी. सर मूळचे अकोल्याचे. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात क्वालिटी विभागात ते माझे साहेब आहेत, आणि मी एकटा राहतो म्हणून रविवारी तांबरमला त्यांच्याकडे जेवायला असतो. त्यांच्या पत्नी कामाक्षी तंजावरकडच्या मराठी घरातल्या, बँकेत आहेत. घरात सरांचं वऱ्हाडी मराठी, वहिनींचं तंजावरी मराठी, आणि ऊर्मीचं दोन्ही पातेल्यांतून पडेल ते, वर तमिळची फोडणी.

ऊर्मी विलक्षण हुशार आहे असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर ती साधी मुलगी आहे, फक्त तिला गोष्ट अर्धी सोडता येत नाही. पंख्याच्या पात्यावर धूळ पुढच्याच कडेला का बसते, असं तिने शाळेत विचारलं. बाई म्हणाल्या, पोर्शनमध्ये नाही. शून्याने भागलं तर शून्याला काय वाटतं, असं विचारलं. पोर्शनमध्ये नाही. चेन्नईच्या शाळांत अभ्यासक्रमाला पोर्शन म्हणतात, आणि पोर्शनबाहेरचं जग बहुधा समुद्रात बुडालेलं असतं.

म्हणून तिला ती परीक्षा द्यायची होती. त्या विद्यापीठाची एक योजना आहे: सातवी-आठवीतल्या निवडक मुलांनी बारावीची प्रवेश परीक्षा द्यायची. प्रवेश काही मिळत नाही. पण ठराविक गुणांच्या वर गेलं आणि मुलाखत बरी झाली, तर मे महिन्यात तीन आठवड्यांच्या शिबिराला बोलावतात. शिबिराच्या माहितीपत्रकात एक वाक्य होतं, ‘येथे अभ्यासक्रम नाही.’ ऊर्मीने ते कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तिला विद्यापीठ नको होतं, गुण नको होते. तिला ते वाक्य हवं होतं.

परीक्षा संपली तेव्हा फाटकाबाहेर कडुलिंबाखाली सगळे आईबाप फ्लास्क घेऊन उभे होते. सकाळी रखवालदाराने ऊर्मीला आत सोडायला नकार दिला होता. “ताईला आत जाऊ दे, तू आईबरोबर थांब,” म्हणाला. हॉल तिकीट दाखवल्यावर त्याने तिला सलाम ठोकला होता. आता तीच ऊर्मी मान खाली घालून बाहेर आली.

“कसा गेला पेपर?” सरांनी विचारलं.

“सांगता येत नाही.”

“अवघड होता?”

“बाबा, सांगता येत नाही म्हणजे सांगायचं नाही. सुरुवातीलाच लिहून घेतलंय. निकाल लागेपर्यंत पेपरात काय होतं ते कुणालाही सांगणार नाही, असं मी कबूल केलंय.”

ते कलम सगळ्यांच्याच पडद्यावर आलं होतं. सगळ्यांनीच ‘मान्य’वर टिचकी मारली होती. मिशीवाला तर फाटकात उभा राहून मोबाईलवर अख्खा पेपर मित्राला वाचून दाखवत होता. पण सर क्वालिटीचे. त्यांचा चेहरा उजळला. “शाब्बास! कबूल केलं म्हणजे केलं. प्रोसिजर इज प्रोसिजर.”

हे वाक्य त्यांनी नंतर आठवडाभर तरी मनातल्या मनात परत घेतलं असेल.

कारण ऊर्मी जेवेना. नीट बोलेना. ताटात बसून भाताचा डोंगर करायची, भोवती सांबार ओतायची आणि सांबार कुठवर चढतंय ते बघत राहायची. सरांना वाटलं, पेपर गेला. त्यांनी कारखान्यात करतात तेच केलं: फ्रिजच्या दारावर माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढली. डोक्याकडे लिहिलं, ‘ऊर्मी जेवत नाही.’ एकेका काट्यावर संभाव्य कारणं: माणूस, यंत्र, पद्धत, सामग्री. ‘सामग्री’च्या काट्यावर त्यांनी लिहिलं, ‘सांबार?’

कामाक्षीवहिनी बँकेतून आल्या, चपला काढल्या आणि फ्रिज बघितला.

“माझ्या सांबारावर प्रश्नचिन्ह?”

“अगं, फक्त शक्यता म्हणून. नंतर एकेक खोडायची असते.”

“मग हीच आधी खोडा. अस्कं घर दोन वेळा वाढून घेते, तुम्हीसुद्धा.” अस्कं म्हणजे सगळं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं सरांना असे शब्द कळत नसत. त्या काळात संसार फार सुखाचा होता, असं ते म्हणतात.

रविवारी तिरुवल्लिकेणीहून अज्जा आले. अज्जा म्हणजे वहिनींचे वडील, मानाजीराव. दर रविवारी बसने येतात, येताना केळीच्या पानात बांधलेला मोगरा आणतात, आणि जावयाला माप्पिळ्ळै म्हणतात. ते आमचं जावईबापूच, पण तमिळमधून म्हटलं की त्याला जरा दरारा येतो.

जेवताना ऊर्मीने एकदम विचारलं, “अज्जा, बकरीला पोहता येतं?”

“बकरी? काय म्हणून गो? बिर्याणी पाहिजे की तुला?”

ऊर्मी रडायला लागली.

माझा घास हातात तसाच राहिला. सर उठून फ्रिजपाशी गेले आणि ‘सांबार’ खोडून ‘बिर्याणी?’ लिहून आले. अज्जांना मात्र नातीची नस कळते. त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. हात धुतले, छत्री घेतली आणि म्हणाले, “चल, मरीनाला जाऊन येऊं. विचारूं कोणाला तरी.”

मीही गेलो. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या, आणि एका होडीच्या सावलीत एक कोळी जाळं शिवत होता. अज्जांनी त्याला अत्यंत गांभीर्याने विचारलं, बकरी पोहते का? कोळ्याने आधी आमच्या आजूबाजूला बकरी आहे का ते बघितलं.

“ढकललं की सगळेच पोहतात,” तो म्हणाला.

“पण भरती असेल तर?” ऊर्मीने विचारलं.

“किती भरती?”

“गुडघ्यापर्यंत.”

“कुणाच्या?”

 आपण फार बोललो असं वाटून ऊर्मीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. परतीच्या वाटेवर तिने मला हळूच विचारलं, “दादा, बकरीबद्दल सर्वसाधारण माहिती विचारली तर नियम मोडतो का?” मी म्हटलं, सर्वसाधारण बकरी चालावी. तिने सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या दिवसापासून ती भेटेल त्याला सर्वसाधारण बकरीबद्दल विचारायला लागली. दूधवाल्याला विचारलं. कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरला विचारलं. वर्गातल्या अवनीला विचारलं.

इथेच घोळ झाला.

अवनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिची आई सुष्मिता वहिनींच्याच बँकेत, पुण्याहून बदलून आलेली. पुढच्या वर्षी अवनीलाही ती परीक्षा द्यायची होती, म्हणजे सुष्मिताला द्यायची होती.

“कामाक्षी, खरं सांग,” तिने जिन्यातच गाठलं. “पेपरात बकरी होती ना?”

“मला काय ठाऊक? ती आम्हासही सांगेना.”

“बघ! सांगत नाही म्हणजे होतीच. जीवशास्त्रात होती की भूगोलात?”

“सुष्मिता, ती मुलगी सांबारात भात बुडवून बघते. त्यावरून मी काय ओळखूं?”

संध्याकाळपर्यंत बातमी ‘उद्याचे रँकर’ नावाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेली. सकाळपर्यंत ती पल्लावरमच्या पलीकडे पोचली. यंदा परीक्षेत बकरीवर भर होता. पाळीव प्राण्यांचा भाग कुणीच घेतला नव्हता. कुणाच्या तरी मामेभावाने सांगितलं की दरवर्षी एक प्राणी असतो, गेल्या वर्षी गाढव होतं. एका बापाने बकरीच्या चार पोटांची रंगीत आकृती टाकली. दुसऱ्याने विचारलं, शेळी आणि बकरी दोन्ही करायचं का?

राममूर्ती सर म्हणजे त्या भागातले नामवंत शिकवणीवाले. मागणी आली की पुरवठा करायचा, हे त्यांचं तत्त्व. त्यांनी चार दिवसांत ‘बकरी विशेष’ नावाची प्रश्नपत्रिका काढली. शिकवणीबाहेर फलक लागला: इथे बकरीची संपूर्ण तयारी करून घेतली जाईल. फलकाखाली एक खरीखुरी बकरी येऊन केळीची सालं खात उभी असे. तिला कुणीही हाकलत नव्हतं. दोन आयांनी तर तिच्याबरोबर मुलांचे फोटो काढले.

अवनी ती प्रश्नपत्रिका घेऊन ऊर्मीकडे आली. “सातवा प्रश्न येत नाहीये. मला सोडवून दे ना.”

सातवा प्रश्न असा होता: एक बकरी ताशी दोन किलोमीटर वेगाने किनाऱ्याकडे पोहत आहे. ओहोटीचा प्रवाह ताशी तीन किलोमीटर वेगाने तिला आत ओढत आहे. तर बकरी किनाऱ्याला केव्हा पोचेल?

ऊर्मीने वाचलं. पेन्सिल उचलायचीही गरज पडली नाही. ती उठली आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसली.

तो रविवारच होता. आम्ही सगळे दाराबाहेर जमलो. सर म्हणाले, “हे बघ ऊर्मी, प्रश्नच चुकलाय. राममूर्तींना ऋण चिन्ह कळत नाही.” वहिनी लाडाने म्हणाल्या, “बाहेर ये, कन्ना, दोसा केलाय.” अवनी रडवेली होऊन विचारत होती, “पण उत्तर काय लिहू?”

अज्जा दाराला पाठ लावून जमिनीवर बसले.

“ही राममूर्तीची बकरी गो,” ते म्हणाले. “तुझी निराळी. तुझ्या बकरीचं काय ते राममूर्तीस ठाऊक नाही.”

आतून आवाज आला, “तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे? त्याच्याकडे दोरी—”

 आत नळ सुरू झाला. बोललेला शब्द बुडवायला बहुधा.

“मी काही ऐकलं नाही,” अज्जा मोठ्याने म्हणाले. “मला कमी ऐकूं येतं, माप्पिळ्ळैंस विचार. माप्पिळ्ळै, मला कमी ऐकूं येतं की नाही?”

“सोयीप्रमाणे,” सर म्हणाले.

दार उघडलं. ऊर्मीने बाहेर येऊन दोसा खाल्ला. एक खाल्ला, मग आणखी तीन. फ्रिजवरचा सांगाडा वहिनींनी पुसून टाकला. पण जाताना अज्जा मला जिन्यात थांबवून म्हणाले, “दोरी आहे म्हणे. कसली दोरी असेल हो? काथ्याची की नायलॉनची?” मला काय ठाऊक. “काथ्याची असली तर भिजून जड होते,” ते स्वतःशीच म्हणाले आणि बस स्टॉपच्या उलट दिशेला चालायला लागले. मी त्यांना वळवून आणलं.

निकाल लागला. गणितात ऊर्मीने मिशीवाल्यांच्या रांगाच्या रांगा मागे टाकल्या होत्या. इंग्रजीत मात्र शेवटचे प्रश्न कोरेच राहिले होते. दोन्हींची बेरीज शिबिराच्या रेषेच्या वर गेली, पण एवढीशी. परातीच्या काठावर उभ्या मुंगीएवढी. आता सगळं मुलाखतीवर होतं. मुलाखत बिघडली, की कपाटाच्या आतलं वाक्य कपाटातच राहणार.

मुलाखत लॅपटॉपवर होती. ऊर्मी इस्त्रीचा फ्रॉक घालून खुर्चीत. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने सर टेबलाखाली, वहिनी पडद्यामागे आणि अज्जा दारामागे. मी स्वयंपाकघरातून वायफायकडे लक्ष ठेवून होतो, कारण माझं शिक्षण तेवढंच उपयोगी पडत होतं. पलीकडे दोन प्राध्यापक होते: एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आणि एक चष्मेवाल्या बाई.

त्यांनी दोन गणितं विचारली. ऊर्मीने सोडवली. मग दाढीवाल्यांनी विचारलं, “इंग्रजीत इतकं मागे का राहिलीस? तो उताऱ्याचा प्रश्नही सोडलास. सोपा होता.”

“निकाल लागलाय,” ऊर्मी म्हणाली. “आता बोललं तर चालेल ना?”

“चालेल की.”

“सर, मी ते ठरवू शकले नाही. बकरी वाचली असेल तर म्हातारा निर्धारी. वाचली नसेल तर लोक त्याला वेडा म्हणतील. पुढचं वाचल्याशिवाय कसं सांगणार?”

“पुढचं तिथे नव्हतंच. उत्तर दिलेल्या मजकुरावरूनच द्यायचं असतं. तेवढाच भाग परीक्षेत आहे.”

टेबलाखाली सरांनी डोळे मिटले. पोर्शनमध्ये नाही, हेच की ते, जरा दाढी लावून.

ऊर्मी म्हणाली, “मग बकरीचं काय झालं, तुम्हाला माहीत आहे का?”

“नाही.”

“तुम्हाला जाणून घ्यावंसं वाटलं नाही?”

पलीकडे शांतता पसरली. वायफाय गेलं म्हणून मी धावत आलो. वायफाय नीट होतं.

“खरंच, काय झालं हो तिचं?” चष्मेवाल्या बाई दाढीवाल्यांकडे वळल्या. “उतारा तुमच्या समितीने निवडला होता ना?”

“एका जुन्या संग्रहातून कुणीतरी पाठवला होता. पण पोचली असणार. त्याच्याकडे दोरी होती.”

“दोरी म्हाताऱ्याला होती, बकरीला नव्हती.”

“बाई, तो तिला उचलून आणेल.”

“गुडघाभर पाण्यात घाबरलेली बकरी कधी उचललीत तुम्ही? मी उचललीय. आमच्याकडे होत्या.”

“काथ्याची की नायलॉनची?” दारामागून अज्जांचा आवाज आला.

दोन्ही प्राध्यापक थबकले. “कोण बोललं?”

“कोणी नाही,” ऊर्मी म्हणाली. “पण प्रश्न बरोबर आहे.”

ठरलेला वेळ संपून गेला तरी ते दोघे भांडत होते. ऊर्मीला पुढे कुणी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी बाईंनी घाईघाईने “थँक यू” म्हटलं आणि पडदा काळा झाला. सर टेबलाखालून बाहेर आले. “गेलं,” म्हणाले. “मुलाखत बकरीने खाल्ली.”

बोलावणं आलं. कसं आलं ते सरांना अजून समजलेलं नाही. त्यांनी नवीन सांगाडा काढून बघितला, पण एकही काटा जुळेना.

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी ऊर्मीने घरी फोन केला. आम्ही सगळे स्पीकरभोवती गोळा झालो. जेवणाच्या रांगेत तिच्या पुढे मदुरैचा एक मुलगा होता. बुटका, दात पडलेला. त्याने मागे वळून तिला नाव विचारलं नाही, शाळा विचारली नाही. पहिलंच वाक्य म्हणाला, “तुला ती बकरी आठवते?”

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. सगळ्यांना आठवत होती! एका मुलीने घरी उरलेली गोष्ट स्वतःच लिहून काढली होती, पण तिला ती पटत नव्हती. एकाने ग्रंथालयं पालथी घातली होती. रांग तशीच थांबली, रसम गार झालं, आणि आचाऱ्याने ओरडून सगळ्यांना बसवलं.

“अम्मा, इथे सगळे असेच आहेत,” ऊर्मी फोनवर म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

“आणि उत्तर? कोणास कळलं की?” अज्जांनी फोन हिसकावून विचारलं.

“नाही, अज्जा. कुणालाच नाही.”

विद्यापीठाला तिने तीनदा विचारलं आहे. तो जुना संग्रह कुठला, ते दाढीवाले अजून शोधताहेत. राममूर्ती सरांच्या नव्या फलकावर आता उंट आहे. पण ऊर्मी भेटली की अजून तेच बोलते, म्हणून तिच्या वतीने तुम्हालाच विचारतो. तुमच्यापैकी कुणी ती गोष्ट वाचली असेल, कुठे अर्धवट आठवत असेल, तर फार काही नको, एवढंच सांगा: बकरी घरी पोचली का?